घोडी राहिली का?

गाय गाभण आहे हे घरातल्या बाईला डॉक्टरच्या आधी कळतं. धारेला बसलं की दुधात फरक दिसतो, तीन आठवड्यांनी माज उलटला नाही की तिच्या मनात नोंद होते. घोडीचं तसं नाही. तिची धार कुणी काढत नाही, आणि पोटावरून तर काहीच सांगता येत नाही. श्रावणात ओल्या गवतावर सुटलेल्या भाकड घोडीचं पोट असं सुटतं की नवखा माणूस पैजेवर तिला गाभण म्हणेल. उलट पहिलटकरीण घोडी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत सडपातळ राहते. जाणता मोतद्दारसुद्धा विचारल्यावर ‘बघू’ एवढंच म्हणतो.

भीमा आणि घोड या नद्यांच्या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी नोकरी झाली. शेळ्या, म्हशी, बैल हे रोजचं काम. घोड्या त्या मानाने थोड्या. पण ज्या प्रश्नाने माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं तो घोडीवाल्यांचाच होता: ‘डॉक्टर, राहिली का?’ या एका प्रश्नाचं उत्तर माणसाने कसं कसं शोधलं, हा मला आमच्या विद्येच्या इतिहासातला सगळ्यात रंगतदार भाग वाटतो. माणूस दर पिढीला घोडीला हाच प्रश्न विचारत आला आणि घोडी दर वेळी त्याच्या शेजारच्याच एखाद्या प्रश्नाचं उत्तर देत आली.

आधी आमच्या पट्ट्याबद्दल. भीमथडीचं तट्टू ज्या भीमेच्या नावाने ओळखलं जातं तिच्याच काठचा हा मुलूख. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात पागा अजून आहे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची मांडणी दिली आहे: पंचवीस घोड्यांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदाराचं घोडं स्वतःचं. शिलेदाराच्या घरी घोडी असेल तर तीच त्याची नोकरी आणि तीच त्याची शेती.

आता जरा पंचांग मांडून बघा. घोडी माजावर येते ती दिवस मोठे व्हायला लागल्यावर. पोटात शिंगरू राहतं सुमारे अकरा महिने. चैत्रात फळवलेली घोडी फाल्गुनाच्या आसपास विणार. मराठ्यांची स्वारी निघायची दसऱ्याला आणि परतायची पावसाच्या तोंडावर. म्हणजे सीमोल्लंघनाला जी घोडी सुमारे सहा महिन्यांची गाभण, ती ऐन मोहिमेत, मुलूखगिरीवर, घरापासून शंभर कोसांवर व्यायला येणार. हे गणित माझं आहे, कुठल्या बखरीतलं नाही. पण शिलेदाराला दसऱ्याच्या आत हे उत्तर हवं असणार याबद्दल मला शंका नाही. गाभण असेल तर ती घरी ठेवून दुसरं जनावर बघायचं, नसेल तर चंदी वाढवून तिला स्वारीसाठी तयार करायचं. चुकीचं उत्तर दोन्हीकडून महाग पडणार.

त्याच्याकडे साधन काय होतं? जे जगभर सगळ्यांकडे होतं तेच: नर. घोडीचा माज साधारण पाच ते सात दिवस टिकतो आणि सगळं चक्र एकवीस दिवसांचं. फळवल्यावर अठराव्या-विसाव्या दिवशी तिला पुन्हा नराजवळ न्यायचं. माजावर असेल तर ती शेपूट बाजूला घेते, मागचे पाय फाकून खाली बसल्यागत होते, थोडी थोडी लघवी करते. माजावर नसेल तर कान मागे टाकून किंचाळते आणि लाथ झाडते. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर हे काम अजून रोज सकाळी चालतं. त्यासाठी एक स्वभावाने चिवट पण शांत घोडा पाळलेला असतो, त्याला टीझर म्हणतात. मध्ये जाड गादी लावलेली फळी, अलीकडे घोडी, पलीकडे टीझर. बिचाऱ्याच्या वाट्याला फक्त फळीपर्यंतचं काम. हे बघताना मला नेहमी त्याची कणव येते.

लाथ पडली की मोतद्दार म्हणतो, ‘राहिली.’ पण घोडीने सांगितलेलं असतं एवढंच की आज मला नर नको. त्याची कारणं अनेक. कधी पोटात काही नसताना बीजकोशातली पिवळी गाठ विरत नाही, दोन-दोन महिने टिकते, आणि तेवढा काळ घोडी गाभण घोडीगतच वागते. कधी पायाशी शिंगरू असलेली घोडी त्याच्या काळजीने माज दाखवतच नाही. उलट काही गाभण घोड्या नर दिसला की माजाची थोडीफार खूण दाखवतात. म्हणून लाथ ही साक्ष खरी, पण ती वेगळ्याच खटल्यातली.

युरोपातल्या नालबंद-वैद्यांनी याच्या जोडीला आणखी उपाय काढले. एक म्हणजे घोडीच्या कानात थंड पाण्याची धार सोडायची. नुसतं डोकं झटकलं तर गाभण, अख्खं अंग झटकलं तर रिकामी. याच्यात काही तथ्य नाही. दुसरा उपाय मात्र खरा: सकाळी उपाशी घोडीला भरपूर थंडगार पाणी पाजून तिच्या डाव्या-उजव्या कुशीकडे नजर लावून बसायचं. गारव्याने शिंगरू हलतं आणि कुशीत लाथ दिसते. ही लाथ शिंगराची, म्हणजे अस्सल पुरावा. फक्त तो सहा-सात महिन्यांनंतर मिळतो आणि तोवर फळवण्याचा हंगाम कधीच निघून गेलेला असतो. जॉर्ज फ्लेमिंगने १८७८मध्ये जनावरांच्या प्रसूतिशास्त्रावर जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला, तेव्हाही डॉक्टरच्या हातात याहून फार काही नव्हतं. १८८६मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, त्या पहिल्या तुकड्या हीच विद्या शिकून गेल्या असणार.

त्याआधी कंपनी सरकारने बिहारात पुसा इथे घोडदळासाठी पैदास केंद्र काढलं होतं. १८०८मध्ये तिथे विल्यम मूरक्रॉफ्ट आला. रीतसर पशुवैद्यकी शिकलेला तो पहिला इंग्रज, फ्रान्समध्ये जाऊन शिकलेला. पैदास मनासारखी होईना म्हणून चांगल्या घोड्यांच्या शोधात तो हिमालय ओलांडून थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५मध्ये त्याच वाटेवर वारला. एवढ्या मोठ्या सत्तेच्या तबेल्यातसुद्धा शिंगरं हवी तेव्हा हवी तेवढी होत नव्हती, हे त्यातून कळतं.

खरी उलथापालथ झाली १९३०मध्ये, आणि तीही घोडीपासून लांब, उंदरांच्या पिंजऱ्यात. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी दाखवलं होतं की गरोदर बाईची लघवी कोवळ्या उंदरीला टोचली तर उंदरीचे बीजकोश फुगतात. हीच परीक्षा घोडीच्या लघवीवर केली तर काहीच होईना. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे कोल आणि हार्ट यांनी लघवी सोडून रक्त घेतलं. गाभण घोड्यांच्या रक्तातला निवळ वेगवेगळ्या महिन्यांत काढला आणि कोवळ्या उंदरींना टोचला. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास काढलेल्या रक्ताने उंदरींचे बीजकोश एकदम वाढले. दोन-अडीच महिन्यांच्या रक्ताचा जोर सगळ्यात जास्त. चार महिन्यांनंतर तो ओसरला. घोडीच्या रक्तात एक संप्रेरक होतं, आणि त्याचा रेणू असा मोठा की मूत्रपिंडातून लघवीत उतरतच नव्हता. बर्लिनची परीक्षा घोडीला का लागू पडली नाही त्याचं कारण हे.

पुण्याच्या माणसाला घोड्याच्या रक्ताचं फार नवल वाटायला नको. परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरचं प्रतिविष बनत आलं. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे सीरमसाठी हाफकिनकडे जात, आणि त्यातूनच १९६६मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोड्याच्या रक्ताने आपल्याकडे किती जीव वाचवले त्याची मोजदाद कुणी केली नसेल, करायला हवी.

रक्ताची ही परीक्षा पुढे अनेक वर्षं जगभर चालली. १९६०च्या दशकाच्या शेवटी उंदीर बाजूला झाले आणि काचनळीतली परीक्षा आली. आपल्याकडे हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानेही याच संप्रेरकावर आधारलेला संच तयार केला. पण या परीक्षेतही एक खोच आहे. छत्तिसाव्या दिवसाच्या सुमाराला गर्भाच्या आवरणावरच्या काही पेशी सुटतात आणि घोडीच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसून तिथे ठाण मांडतात. त्यांच्या खोलगट चकत्या बनतात आणि संप्रेरक स्रवतं ते या चकत्यांतून. या पेशी आईच्या नाहीत, शिंगराच्या आहेत, हे केंब्रिजमध्ये ॲलन आणि मूर यांनी १९७२मध्ये सिद्ध केलं. एकदा रुजल्या की त्या शिंगराला विचारत नाहीत. पन्नासाव्या दिवशी गर्भ मेला, विरघळून गेला, तरी चकत्या शंभर-सव्वाशे दिवसांपर्यंत संप्रेरक सोडत राहतात आणि रक्त म्हणत राहतं, ‘गाभण.’

माझ्या डोळ्यांसमोर असं एक प्रकरण घडलं. चांगल्या वंशावळीची लाल घोडी, रक्त तपासून आलेलं, कागदावर खणखणीत होकार. मालकाने तिचा खुराक वाढवला, चालवणं बंद केलं. दिवाळीत हात घातला तर गर्भाशय रिकामं. चकत्या असेपर्यंत ती नीट माजावरही आली नसती, म्हणजे वर्ष गेलंच. मालकाला वाटलं कुणीतरी बाटल्यांची अदलाबदल केली. तशी गरजच नव्हती. रक्ताने खरं तेच सांगितलं होतं: इथे एक शिंगरू रुजलं होतं.

आणि घोडी गाढवाला दाखवली असेल तर उलटीच अडचण. पोटात खेचर असलं की या चकत्या लहान राहतात, लवकर संपतात आणि रक्तात संप्रेरक फारच कमी उतरतं. परीक्षा ‘नाही’ म्हणते आणि घोडी पुढच्या वर्षी खेचराला जन्म देते. आपल्या सैन्याने डोंगरी तोफखान्यासाठी पिढ्यान्पिढ्या खेचरं पैदा केली; त्यांच्या डॉक्टरांना ही गोष्ट तोंडपाठ असायची.

यात मला मनापासून आवडणारी परीक्षा वेगळीच आहे, आणि ती सगळ्यात स्वस्त होती. १९३०मध्येच झोंडेकला दिसलं की गाभण घोडीच्या लघवीत इस्ट्रोजेन अफाट प्रमाणात असतं. (पुढे १९३४मध्ये त्याने दाखवलं की नर घोड्याच्या लघवीतही ते भरपूर असतं, आणि भलेभले चक्रावले. तोवर नाझी राजवटीने या ज्यू माणसाला बर्लिनमधल्या जागेवरून काढलं होतं. स्वीडनमार्गे तो जेरुसलेमला पोचला.) त्याच १९३४ साली कुबोनी नावाच्या इटालियन माणसाने या इस्ट्रोजेनसाठी साधी रासायनिक परीक्षा प्रसिद्ध केली. उंदीर नको, ससा नको, आठवडाभर वाट बघणं नको.

परळला शिकताना ती मी हाताने केलेली आहे. पहिलं काम म्हणजे लघवी मिळवणं. आमच्या तबेल्यातले म्हातारे मोतद्दार घोडीला ताज्या पेंढ्यावर उभी करायचे, बादली मागे धरायचे आणि हलकी, लांब शीळ घालायचे. शीळ चालूच ठेवायची, मध्ये तोडायची नाही. घोडी कान मागे करून ऐकायची आणि थोड्या वेळाने पाय फाकायची. घोडीची लघवी गाईपेक्षा फार वेगळी: गढूळ, पिवळट, चिकट, बोटात धरली तर तार सुटावी अशी. त्यातली पंधरा मिलीलीटर घ्यायची, तीन मिलीलीटर हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरायची. फेस येतो आणि वास असा की खिडकीशी उभं राहावं लागतं. नळाखाली गार करायची, बेन्झीन घालून हलवायची, वर आलेला थर वेगळा काढायचा, त्याला जपून तीव्र गंधकाम्ल घालायचं, थोडं गरम करायचं. मग नळी उजेडाकडे तिरपी धरायची. घोडी गाभण असेल तर खालच्या आम्लात गडद, तेलकट हिरवी झाक चमकते. रिकाम्या घोडीच्या नळीत नुसता तपकिरी रंग. ती हिरवी झाक पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ती नळी घेऊन प्रयोगशाळेभर फिरलो होतो.

या परीक्षेचा दोष एकच: चौथ्या-पाचव्या महिन्याआधी तिच्यावर विसंबता येत नाही. पण तिने दिलेलं उत्तर मात्र नेमकं असतं. कारण हे इस्ट्रोजेन बनायला जिवंत शिंगरू लागतं. पोटातल्या शिंगराची स्वतःची जननग्रंथी सहाव्या-सातव्या महिन्यात इतकी वाढते की आईच्या बीजकोशाहून मोठी होते. तिने कच्चा माल पुरवायचा आणि वारेने त्याचं इस्ट्रोजेन करायचं. शिंगरू मेलं की हा कारखाना बंद आणि थोड्याच दिवसांत लघवीतलं इस्ट्रोजेन आटतं. म्हणजे लाथेपेक्षा, रक्तापेक्षा ही बादलीतली लघवीच खरी शिंगराबद्दल बोलत होती. कॅनडात याच लघवीपासून १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला बायकांच्या पाळी गेल्यानंतरच्या त्रासावरचं औषध निघालं आणि मोठा धंदा उभा राहिला. तिथल्या घोड्यांना महिनोन्‌महिने अरुंद ठाणावर बांधून ठेवलं जायचं. ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

दरम्यान डॉक्टरचा हात शहाणा होत होता. घोडीला खोड्यात घ्यायची, शेपूट बांधायची, वरच्या ओठाला दोरीचा फास द्यायचा आणि गुदद्वारातून हात घालून आतड्याच्या भिंतीआडून गर्भाशय चाचपायचं. गाईत हे काम बिनधास्त करता येतं. घोडीचं आतडं पातळ, ती जोर करते, आणि त्यात फाटलं तर घोडी गेलीच म्हणायची. म्हणून हात ताठ ठेवायचा नाही. ती जोर करेल तेव्हा थांबायचं, मागे यायचं. तिसऱ्या आठवड्यात गर्भाशय बोटांना घट्ट, नळीदार लागतं, आणि पंचविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी गर्भाशयाच्या शिंगाच्या, म्हणजे फाट्याच्या, बुडाशी लिंबाएवढा फुगवटा येतो. मला हे शिकवलं ते वयाने मोठ्या एका डॉक्टरांनी. ते शब्दाने काही सांगायचे नाहीत. स्वतः हात घालायचे, बाहेर काढायचे, मला म्हणायचे, ‘आता तू बघ आणि किती दिवसांची ते सांग.’ मग फळवल्याची तारीख असलेली वही उघडायचे.

इंग्लंडच्या शर्यती घोड्यांच्या धंद्यात या हाताला भलताच भाव आला. नराची फी भरायची की नाही हे १ ऑक्टोबरला घोडी गाभण आहे की नाही यावर ठरवण्याची पद्धत तिथे रुळली, आणि डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर मोठमोठ्या रकमा हलू लागल्या.

मग १९८०मध्ये फ्रान्समधल्या एरिक पामर आणि द्रियांकूर यांनी घोडीच्या आतड्यातून अल्ट्रासाउंडचा शोधक घालून गर्भ बघता येतो हे जगापुढे मांडलं. दोन आठवड्यांची गाभण घोडी पडद्यावर बघावी: करड्या गर्भाशयात दीड सेंटिमीटरचा एक काळा, गोल ठिपका. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला त्यात हृदयाचं लुकलुकणं दिसतं. माणसाने विचारलेला प्रश्न आणि घोडीने दिलेलं उत्तर पहिल्यांदाच एक झालं, तेही पुढच्या माजाच्या आत.

शिवाय अशा गोष्टी दिसल्या ज्यांची कल्पनाही कुणी केली नव्हती. हा ठिपका एका जागी बसत नाही. सोळाव्या दिवसापर्यंत तो गर्भाशयाच्या एका शिंगातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून मधल्या भागात दिवसभर फिरत असतो. अमेरिकेत गिन्थर यांनी त्याच्या फेऱ्या चिकाटीने मोजल्या. हे फिरणं म्हणजे आईला दिलेली खबर: मी आहे, माज आणू नकोस. ते अडवलं तर गाभ टिकत नाही. आणि याच्याही आधी घोडीची बीजनलिका निवाडा करून मोकळी झालेली असते. न फळलेलं बीज ती नलिकेतच अडकवून ठेवते. फळलेलं बीज तेवढं पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भाशयात सोडते.

जुळ्यांचा प्रश्नही याच पडद्याने सोडवला. घोडीला जुळं झेपत नाही. बहुतेक वेळा सात-आठ महिन्यांनी दोन्ही जातात. आता सोळाव्या दिवसाच्या आत दोन ठिपके दिसले की डॉक्टर त्यातला एक शोधकाखाली दाबून फोडतो आणि दुसरा वाढू देतो. पुण्याच्या स्टड फार्मवर हे आज नेहमीचं काम आहे.

पण आमच्या भागातल्या सगळ्या घोड्या फार्मवर नाहीत. भीमथडी तट्टांचे खरे पालक म्हणजे धनगर. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे फिरते तांडे, घाट उतरून कोकणाकडे निघतात. बिऱ्हाड, भांडी, कोकरं, म्हातारी माणसं असतात घोड्यांच्या पाठीवर. भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अलीकडेच नोंद झाली. फार उशिरा झाली, पण झाली. नोंद झाली म्हणजे पैदाशीचा हिशेब ठेवावा लागणार: कुठली घोडी, कुठला नर, राहिली की नाही, टाकली की व्याली. या घोड्या कळपातच फळतात, तारीख कुणाला ठाऊक नसते. त्यांना खोड्यात घालून शोधक लावणं म्हणजे चालता वाडा थांबवणं. ते धनगर करणार नाहीत आणि करूही नये.

यावर उपाय आहे आणि तो झोंडेक-कुबोनीच्याच वाटेवरचा. अमेरिकेत असाटीग बेटावरच्या मोकाट घोड्यांसाठी कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात तो वापरला. घोडीला हात न लावता, ती पुढे गेल्यावर मातीत मुरलेली लघवी आणि पडलेली लीद उचलायची आणि त्यातलं इस्ट्रोजेन मोजायचं. बेन्झीन आता नको, ते कर्करोगाचं कारण आहे. मोजण्याच्या सुरक्षित पद्धती कधीच आल्या आहेत. आश्विनात, वाडे निघण्याआधी, गावोगावच्या मुक्कामावरून प्रत्येक घोडीची ताजी लीद एका डबीत, डबीवर घोडीचा रंग आणि खुणा, एवढंच गोळा करायचं. चैत्र-वैशाखात राहिलेल्या घोड्या तोवर पाच-सहा महिन्यांच्या असतील. कुठल्या घोडीवर जड ओझं लादायचं नाही हे धनगराला निघण्याआधी कळेल, आणि नोंदवहीला तिचं पहिलं खरं पान मिळेल.